दिवसाउजेडी आडवं होणं

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी बायकांचा योगासनांचा वर्ग असतो. दोन महिन्यांत माझी कंबर मोकळी झाली, गुडघे कुरकुरायचे थांबले. अडतं ते शेवटच्या शवासनापाशी. नुसतं पाठीवर पडून राहायचं, तर माझा एक डोळा सारखा घड्याळाकडे. माझी आई दिवसा आडवी व्हायची ती फक्त तापात, आणि तेव्हाही चोरी केल्यासारखी पडायची. दिवसा पडलेली बाई एकतर आजारी, नाहीतर आळशी, हेच मी बघत आले.

काल शवासन चालू असताना शेजारच्या सुमनताईंचे यजमान घराची किल्ली मागायला दाराशी आले. आम्ही बाराजणी ओळीनं पडलेल्या, पण त्यांना दिसली ती फक्त आपली बायको.

"अगं, बरं वाटत नाहीये का?"

सुमनताईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बरं वाटतंय. म्हणूनच पडलेय."

साडेसहा झाले होते, घरी कुकर लावायचा होता. मी तो घड्याळाकडचा डोळाही मिटून घेतला. ज्याला भूक लागेल, त्याला कुकर सापडेल.