विंगेतली झोप

आमच्या घरात माझ्या झोपेची एक गोष्ट सांगतात. पाहुणे आले, चहा-पोहे झाले, की कुणीतरी ती काढतंच. नंदा कशी उभ्या उभ्या झोपली आणि नाटक कसं आडवं झालं! सगळे हसतात. मीही हसते — इतकी वर्षं हसत आलेय की आता ते हसू आपोआप येतं. ती गोष्ट खोटी आहे. हे मी आजवर एकाही माणसापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, वहिनीपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्या दादापाशी तर नाहीच. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणूनच सांगता येतंय बहुतेक.

आधी दादा. विलास त्याचं नाव, माझा थोरला भाऊ. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. शिवाजी पेठेत आमची दोन खोल्यांची जागा. पेठेतली पोरं फुटबॉलवरनं एकमेकांची डोकी फोडायची, आणि आमच्या दादाला वेड नाटकाचं. कारखान्यातली पाच-सहा माणसं जमवून त्यानं एक नाट्यसंस्था काढली होती. उंचापुरा गडी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला बोलला तर आतल्या खोलीत ऐकू यावा. कलाकार माणूस! आणि कलाकार माणसाला घरातलं काम सांगायचं नसतं, असा आमच्या आईचा कायदा होता.

मग कामं करायची कुणी? मी अठ्ठावीस वर्षांची, लग्न न झालेली, घरी ब्लाऊज शिवणारी. पहाटे नळाला पाणी आलं की उठायचं. आईला साखरेचं इंजेक्शन द्यायचं. मग गंगावेशीत जाऊन म्हशीचं दूध आणायचं — समोर पिळलेलं, फेसाचं, गरम — कारण ते प्यालं की दादाचा आवाज सुटतो म्हणे. गॅसचा नंबर लावायचा, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, आल्यावर मशीनवर बसायचं. आणि या सगळ्याच्या फटीफटीतून मी लिहायचे. हसू नका. ब्लाऊजच्या मापाच्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांच्या पाठीवर. एका हातात रॉकेलचा कॅन, दुसऱ्या हातात पेन्सिल.

कबनूरला माझी मावशी असते. तिचे यजमान जन्मभर यंत्रमागावर होते, मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. त्यांच्यावरनं मला नाटक सुचलं — ‘उलटा धागा’. शेवटच्या प्रवेशात सगळे माग एकदम बंद पडतात. शांतता होते. आणि तो कान गेलेला म्हातारा प्रेक्षकांकडं बघून म्हणतो, ‘आता मला ऐकू येतंय, पण बोलणारं कुणी न्हाय.’ हे वाक्य सुचलं तेव्हा मी गॅसच्या दुकानात उभी होते. माझा नंबर आला आणि गेला, मला पत्ताच नाही. पुन्हा शेवटाला जाऊन उभी राहिले, पण त्या दिवशी मला रांगेचा राग आला नाही.

दोनशे पानी वहीत सगळं नीट उतरवून काढलं आणि दादाला दिलं. त्यानं एका बैठकीत वाचलं. वाचून रडला — हेही सांगायला पाहिजे, खोटं कशाला बोलू? ‘नंदे, ह्यात माझं सोनं हुतंय बघ,’ म्हणाला. माझं, म्हणाला. तेव्हा मला तो शब्द टोचला नाही.

नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरलं आणि तालमी सुरू झाल्या. म्हाताऱ्याचं काम दादाचं, मला काम दिलं प्रॉम्प्टिंगचं. विंगेत वही धरून उभं राहायचं आणि नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच द्यायचे. हातात लहान बॅटरी, वहीवर उजेड पाडायला. दादाला त्या बॅटरीची फार सवय. काही आठवेना झालं की मान न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातनं तो बॅटरीचा उजेड शोधायचा. सगळ्यांना सांगायचा, नंदी हाय तिथं, मला कशाचं भ्या न्हाय. मला ते ऐकून बरं वाटायचं. किती बरं वाटायचं!

स्पर्धेचा आठवडा आला आणि त्याच आठवड्यात वहिनी बाळंत झाली. सीझर. दवाखान्यात दिवसातनं तीनदा डबा, बाळाची दुपटी धुणं, घरी आईचं इंजेक्शन, संध्याकाळी तालीम, आणि नाटकातले सगळे पोशाख मीच शिवायचे. चार दिवसांत मिळून मी दहा तास झोपले असेन नसेन. हे अगदी खरं आहे. त्या खोट्या गोष्टीत एवढीच गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती सगळ्यांना पटली.

आणि दादा? तो बाळाला एकदा बघून गेला. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. पुण्याचे एक नाटकवाले निर्माते प्रयोगाला येणार होते, खास त्याचं काम बघायला. पसंत पडलं तर ते त्याला त्यांच्या नाटकात घेणार होते. कारखाना सुटणार होता. या एका संध्याकाळसाठी त्यानं बारा वर्षं काढली होती — हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी प्रेसमधनं हँडबिलं आणायची होती. कोण आणणार? मीच. गठ्ठा पिशवीत टाकला, त्यावर वहिनीचा डबा ठेवला आणि दवाखान्यात आले. वहिनी जेवत होती. मी सुतळी सोडून एक हँडबिल काढलं. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघणार होते ना! वर मोठ्या अक्षरात — लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका, विलास. मी पुन्हा वाचलं. उलटून पाठीमागं बघितलं, पाठ कोरी. मग खाली, बारीक अक्षरात सापडले मी — वेशभूषा आणि प्रॉम्प्टिंग, कु. सुनंदा. शिवणाऱ्या बाईला शिवणाचं श्रेय मिळालं, आता बोला! वहिनी म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, शाई ओली आहे.

विचारलं मी त्याला. रंगपटात तोंडाला रंग लावून बसला होता. आरशातूनच माझ्याकडं बघून म्हणाला, ‘अगं, सगळीकडं एकच नाव असलं की छाप पडतीया. आणि तुझं-माझं काय येगळं हाय व्हय?’ पुढच्याच श्वासाला म्हणाला, ‘तो सदरा जरा बघ की, इस्त्री न्हाय झालेली.’

आणि मी इस्त्री केली. कॉलर नीट, बाह्या नीट. शिव्या द्यायला पाहिजे होत्या, गठ्ठा फेकायला पाहिजे होता, वही घेऊन सरळ घरी जायला पाहिजे होतं. मी सदरा घडी न मोडता त्याच्या हातात दिला. त्या दिवशी सकाळी गंगावेशीतनं दूधही मीच आणलं होतं, त्याच्या आवाजासाठी. इस्त्री फिरवताना मला सारखं तेच आठवत होतं.

मी ठरवलं होतं का? स्वतःला मी हे शेकडो वेळा विचारलंय. नाही, ठरवलं नव्हतं. पण वाट बघत होते. विंगेत उभी राहून पानं उलटताना मी देवाकडं एवढंच मागत होते की याला आज काहीतरी विसरू दे. ठरवणं आणि वाट बघणं — यात असा कितीसा फरक आहे?

पहिला अंक झकास झाला. दादा खरंच सुंदर काम करत होता, आणि ते बघून माझा जळफळाट होत होता. टाळ्या माझ्या वाक्यांना पडत होत्या आणि कमरेत वाकून घेत होता तो. दुसरा अंकही चढला. शेवटचा प्रवेश आला. टेपवरचा मागांचा खडखडाट बंद झाला, दादा पुढं आला, आणि थांबला.

आधी वाटलं, मुद्दाम घेतोय. लोकांनाही तसंच वाटलं, सगळं थिएटर चिडीचूप. मग त्याचे डोळे विंगेकडं वळले. बॅटरी शोधत होते. बॅटरी होती की! माझं बोट वाक्याखाली होतं. नुसतं ‘आता मला’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन शब्द. माझेच शब्द, माझ्याच अक्षरातले.

मी बॅटरी बंद केली.

किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं, ‘आरं बोल की लेका!’ हशा झाला. एक शिट्टी आली. कपाळावरचा घाम रंगातनं वाट काढत त्याच्या मिशीपर्यंत आला, तो मला स्वच्छ दिसला. शेवटी त्याच्या मुलाचं काम करणारा नट आधीच आत घुसला, काहीतरी मनाचं बोलला आणि त्यांनी प्रवेश कसाबसा पडद्यापर्यंत ओढला. ते वाक्य आलंच नाही. पुण्याचे पाव्हणे पडदा पडायच्या आधीच उठून गेले होते.

सगळे माझ्यावर धावून आले. काय करत हुतीस? वही हातात हाय, आन् तोंड शिवलं हुतं का? तेवढ्यात दादा आला. सगळ्यांना हातानं मागं सारलं आणि म्हणाला, ‘तिला कुणी बोलायचं न्हाय. चार दिस डोळ्याला डोळा न्हाय तिच्या. झोप लागली पोरीला.’

आणि मी डोळे चोळले. हो, चोळले. मान खाली घालून, आत्ताच जागी झाल्यासारखे. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं काम मी केलं.

दादा पुन्हा स्टेजवर गेला नाही. कारखान्यात जायचा, यायचा. एका सकाळी मी उठले तर दुधाची बरणी जाग्यावर नव्हती. तोच गेला होता गंगावेशीत. मग गॅसचा नंबर तो लावायला लागला, आईचं इंजेक्शन द्यायला शिकला, बाळाला पाठीवर टाकून रॉकेलच्या रांगेत उभा राहायला लागला. मी मशीनवर पेंगले तर वहिनीला म्हणायचा, तिला झोपू द्या. मी झोपले. पोटभर झोपले! आणि उठून लिहिलं. माझी तीन नाटकं झाली पुढं, तिन्ही माझ्या नावावर. पेठेतल्या बायकांनी सत्कार केला तेव्हा दादा मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला वाटायचं, फिटलं. मला पाहिजे ते सगळं मिळालं, आणि त्याला ठाऊकही नाही कसं.

मग ते भारनियमनाचे दिवस आले. एका संध्याकाळी सगळ्या गल्लीत लाईट आली, आमच्याकडंच नाही. फ्यूज उडालेला. दादा स्टुलावर चढला, मी खाली बॅटरी धरून उभी. तो तार गुंडाळत होता. माझ्याकडं वळून न बघता, अगदी हळू म्हणाला, ‘आता तरी बंद करू नगंस.’

तार बसवली, लाईट आली, खाली उतरला आणि चहा मागितला. बस्स. त्यानंतर कधी एक शब्द नाही.

झोपलेली बाई बॅटरी बंद करत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विंगेत सगळ्यांसमोर ‘झोप लागली’ म्हणाला तेव्हाही माहीत होतं, दूध आणत होता तेव्हाही, टाळ्या वाजवत होता तेव्हाही. तुम्हाला वाटेल मी तिथंच त्याच्या पाया पडले असेन. छे! मला संताप आला. नाटक मी लिहिलं, त्यावर नाव त्याचं. सूड मी घेतला — आयुष्यातला एकच, पण पुरेपूर — आणि त्यालाही नाव यानंच ठेवलं. झोप, म्हणे! बिचारी, म्हणे! माझं ते एक कृत्यही त्यानं मला माझं म्हणून ठेवू दिलं नाही. आणि वर चांगला ठरला तोच.

मग मी का बोलले नाही? कारण बोलले असते तर झोप गेली असती. दूध पुन्हा मला आणावं लागलं असतं. एवढं साधं कारण आहे. बारा वर्षं वाट बघणाऱ्या माणसाचं आयुष्य मी दोन शब्दांसाठी अडवलं, आणि त्या बदल्यात मिळालेली सवड आजतागायत वापरतेय. हे लिहिलं तेही त्याच सवडीत. शेजारच्या खोलीत दादा आईला इंजेक्शन देतोय, मला त्याचा आवाज ऐकू येतोय.

तर हे माझ्या नावावर. मला झोप लागली नव्हती. त्या दिवशी मी टक्क जागी होते. आणि बॅटरी रागाच्या भरात बंद झाली असंही नाही. वहीवरचा उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता, आणि मला त्याचा चेहरा नीट बघायचा होता.