पाठवणीतलं माझं रडणं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेल्या वड्यांचंसुद्धा सांगून टाकतो. पण तुम्ही आपले वाटता, म्हणून... बघू, जमतंय का.

माझ्या मुलीच्या लग्नातली गोष्ट. आमच्या करावे गावात बापाने हळदीला नाचायचं आणि पाठवणीला रडायचं, हे ठरलेलं. हळदीला मी नाचलो, गुडघा धरेपर्यंत नाचलो. पाठवणीला मात्र घोटाळा झाला — रडूच येईना! येणार कसं? पोरीने स्वतः निवडलेला, माझ्यासारखाच मासेखाऊ जावई. सासर नेरूळला, म्हणजे रिक्षात नीट बसेपर्यंत उतरायची वेळ. शिवाय — लपवू कशाला? — सकाळी बाथरूम रिकामं मिळणार होतं. मी आपला खूश. आणि अख्खी भावकी माझ्या तोंडाकडे बघतेय.

“आरं, पोर चालली तुजी,” थोरली बहीण कानाशी खेकसली. “दात काय काढतंस? लोका काय बोलतील?”

मग काय, मांडवामागे गेलो. खिशात गुडघ्याचा बाम होता, तो डोळ्यांखाली चोळला. जरासा नाही, चांगला बोटभर. आई गं! दिसेनासंच झालं. हुंदके देत पोरीच्या गळ्यात पडलो, तर तो निघाला बँजोवाला. तोही बिचारा रडायला लागला! शेवटी पोर गाडीतून उतरून धावत आली. “पप्पा, नका ना रडू असं...”

“हां,” बहीण म्हणाली, “आता बाप दिसतंस!”

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण — खरं सांगायचं ते पुढेच आहे.

मागच्या वर्षी पोरीला बँगलोरला मोठी नोकरी चालून आली. जावई सोबत जायला तयार. आमच्याकडे जेवताना तिने सांगितलं, नाही म्हणून कळवलंय. “पाठवणीला पप्पांची काय हालत झालेली, मी बघितलीय. त्यांना सोडून कुठे जाऊ?”

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? तोंडात बोंबलाचा घास होता, पण तो काय अडवत होता? मी मान खाली घातली. आणि चेहरा — चेहरा जरा दुःखी केला. आत आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

आता ती दर रविवारी नातीला घेऊन येते. दिवसभर घरात नुसता दंगा. बेल वाजली की मी धावतच दाराशी जातो. कडी काढण्याआधी क्षणभर थांबतो, हसू आवरतो, गाल थोडे खाली पाडतो — आणि मग दार उघडतो.