मामी तटस्थ राहिल्या

आमच्या मामी नगरपालिकेच्या सभेत कुठल्याही ठरावावर एकदम मत देत नसत. उठून म्हणत, "जरा थांबा, मी विचारून येते." सगळे हसत. विषय आधी कळला असेल तर आदल्या संध्याकाळी त्या मांजर्लीतल्या आमच्या आळीत हातपंपापाशी उभ्या राहत आणि हंडे भरणाऱ्या बायकांना विचारत, "उद्या दिवाबत्तीचा विषय हाय. काय बोलू?"

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून दिरानं त्यांना उभं केलं होतं. मामा वारले होते, मुलगी लग्नाची होती, आळीच्या वर उंचावरचं घर दिराचं. सही वहिनीची आणि अक्कल आपली, असा त्याचा हिशेब. पहिल्याच वर्षी मामींनी पाणीपट्टीवाढीला विरोध केला. पक्षाचे पुढारी घरी आले. "वहिनी, पक्ष तुमचा कोण लागतो?" मामी म्हणाल्या, "सासरा. मान देते त्याला. पण चूल माझी मी पेटवते."

मी तेव्हा कॉलेज सोडून पत्रकं काढत होतो. मामी मला पत्रकवाल्या म्हणत. पत्रक मोठ्यानं वाचायला लावत आणि शेवटी म्हणत, "लई तिखट घातलंस. खाणाऱ्याला पाणी कुठनं देशील?"

मग भरावाचा ठराव आला. नदीकाठच्या सखल शेतात भराव घालून इमारती बांधायला परवानगी द्यायची होती. पावसाळ्यात नदीचं पाणी त्या शेतात पसरायचं, म्हणून आमची आळी वाचायची. भराव पडला की ते पाणी घरात शिरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेत मामींच्या दिराचं होतं.

पुढारी या वेळी गोड बोलले. "विरोध करा असंही नाही, पाठिंबा द्या असंही नाही. जमीन घरची आहे, वहिनी. तुम्ही तटस्थ राहणंच सभ्यपणाचं."

मी तणतणत गेलो. म्हटलं, "मामी, जमिनीतून ज्याला फायदा घ्यायचा आहे त्यानं तटस्थ राहावं. स्वतःच्या घराविरुद्ध हात वर करणाऱ्याला कोण नावं ठेवील?"

त्या भाकरी थापत होत्या. माजघरात दीर बसला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या पत्रकाखाली तुला झोपायचं नसतं रे. मना या छपराखाली झोपायचं हाय. पोरीला घेऊन."

त्या संध्याकाळी त्या हातपंपावर आल्या नाहीत.

सभेत हात मोजले गेले. बाजूचे, विरोधातले. मामी पदर बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. ठराव एका मतानं मंजूर झाला.

पुढच्या सभेत, रिवाजाप्रमाणे, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायला आलं. तेव्हा मामी उठल्या. "माझं मत विरोधात लिहा." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, मत आज बदलता येत नाही. बसा." मामी हात वर करून उभ्याच राहिल्या. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, मग त्याच्या पुढचा. गटारं झाली, कचऱ्याचा ठेका झाला. मी मागच्या बाकावरून बघत होतो. सभागृहात कुणाची मान वळत नव्हती.

भराव पडला आणि पावसाळ्यात पाणी आलं. आळीतल्या शेवंताबाईंच्या घरात मी पोहोचलो तेव्हा मामी घमेल्यानं पाणी उपसत होत्या. चूल विरघळली होती, तांदळाचा डबा पालथा पडला होता. मला काहीतरी बोलायचं होतं. म्हणालो, "मामी, तुम्ही विरोध केला असता तरी बरोबरी झाली असती. अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकून ठराव काढलाच असता. काही फरक पडला नसता."

मामी थांबल्या. "पडला असता. त्याला टाकावं लागलं असतं. या बायांच्या विरोधात, सगळ्यांदेखत, त्याचं एकट्याचं मत. मी त्याला त्यातनं सोडवला." आणि पुन्हा उपसू लागल्या. नदी दारातून आत येतच होती.

शेवंताबाई खाटेवरून उतरल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी मामींच्या हातातून घमेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू द्या, मामी. तुमी घरी जावा. तुमचं घर सुकं हाय."