तेलातला चुरा

मे महिन्यातल्या एका दुपारी, लालबागच्या पुलावर असताना, माझ्या गाडीचा एसी आधी घुमला आणि मग दळणाच्या चक्कीत खडा अडकावा तसा करकरायला लागला. गाडी सतरा वर्षांची. शेजारी बाबा बसले होते. दर महिन्याला त्यांच्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, त्यासाठी आम्ही माहीमला निघालो होतो.

"चेडवा, एसीचं बटण बंद कर आधी," बाबा म्हणाले. लेकीला ते मालवणीतच हाक मारतात.

मी बंद केलं. आवाज थांबला, गाडी नीट चालत राहिली.

"गाडीक काय झालेला नाय. कंप्रेसर गेलो."

बाबांना पंचविशीपासून यंत्राचा आवाज कळतो. गिरणीतल्या हवा गार करणाऱ्या एअर प्लांटमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. गिरणी बंद पडल्यावर परळमध्ये घरोघरी फ्रिज दुरुस्त केले. त्यामुळे मी वाद घातला नाही. काचा खाली केल्या आणि घामाघूम होऊन माहीमला वेळेवर पोचलो.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो म्हणाला, "भंगारात घाल ती. या वयाच्या गाडीवर कोण खर्च करतं?"

मी म्हटलं, इंजिन ठणठणीत आहे, गाडी मी चालवते, निर्णयही मीच घेणार. फोन ठेवताना मला अजिबात धाकधूक नव्हती. गाडी मला इंचाइंचाने माहीत होती.

दोन दिवसांनी मी ती माझगावच्या एका एसीवाल्याकडे नेली. बाबा न सांगताच पायात चपला घालून तयार होते. मेकॅनिक चाळिशीचा, कामात चटपटीत. त्याने बॉनेट उघडलं, पुली हाताने फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आतून जाम आहे मॅडम. नवीन कंप्रेसर टाकतो, गॅस भरतो. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

"पाइप खोलून तेल दाखव," बाबा म्हणाले.

"काका, त्याची काय गरज नाय."

"मला दाखवा," मी म्हटलं. "काय टाकायचं ते मी बघितल्यावर ठरवेन."

उरलेला गॅस काढून घेऊन त्याने पाइप सोडवला, पण नाराजीने. बाबांनी खिशातला पांढरा रुमाल काढून पाइपच्या तोंडात फिरवला आणि माझ्यासमोर धरला. "मला नीट दिसत नाही. तू सांग काय आहे ते."

रुमालावर काळं तेल होतं आणि त्यात चांदीच्या वर्खासारखे बारीक कण चमकत होते.

"चुरा आहे. धातूचा."

"हा चुरा पुढच्या कंडेन्सरच्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीत जाऊन बसलाय. नवीन कंप्रेसर पण तो खाऊन टाकणार."

मेकॅनिकने रुमाल हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "बरोबर बोलताय काका. जाळी धुऊन साफ होत नाय. बदलावी लागेल. पण ती बाहेरून मागवायची, तीन दिवस जातील."

"जाऊ देत," मी म्हटलं. "पण अर्धवट काम नको."

चौथ्या दिवशी आम्ही परत गेलो, तेव्हा जाळी बदलून तो नवा कंप्रेसर बसवत होता. बाबांनी त्याला वेगळं तेल ओतायला सांगितलं. या वेळी तो हसला. "काका, नवीनमध्ये तेल आतच भरून येतं. वरून ओतलं तर जास्त होईल." बाबांनी मान डोलावली. "असं होय. आमच्याकडे आम्हीच भरायचो." त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते स्टूल ओढून आणखी जवळ बसले.

पाइपांमधली हवा काढणारा पंप अर्धा तास चालू ठेवायचा होता. त्याच्या घरघरीत मी बाबांना विचारलं, "गिरणीत तुम्हाला बरं होतं ना, गार हवेत?"

"ती हवा आमच्यासाठी नव्हती गो. धाग्यासाठी होती. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून दमट ठेवायची. आम्ही घामाने निथळायचो आणि सूत मजेत असायचं."

मेकॅनिक काम सोडून ऐकत होता. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

गॅस भरताना मी दाबाच्या काट्यांवरचे आकडे वाचून दाखवत गेले. पाइप किती गार होतोय ते कळावं म्हणून बाबा त्यावर तळहात ठेवून होते. ते "बस" म्हणाले आणि त्याच क्षणी मेकॅनिकनेही झडप बंद केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

या गोष्टीला दोन उन्हाळे झाले. एसी व्यवस्थित चालतो. भावाने भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही, उलट स्वतःची गाडी कुठे दाखवू म्हणून मलाच विचारलं. मी त्याला माझगावचा पत्ता दिला आणि सांगितलं, बाबांना सोबत ने.