पोस्टबाई गप्प बसायला शिकल्या

पोस्टाच्या तीन नंबरच्या खिडकीत त्या बावीस वर्षं बसल्या, म्हणून सगळे त्यांना पोस्टबाईच म्हणत. माणूस खिडकीशी आला आणि "मला जरा…" एवढंच म्हणाला, तरी बाईंनी हवं ते तिकीट फाडून त्याच्यासमोर ठेवलेलं असे. कुणाला पार्सल करायचंय, कुणाला साधं पाकीट हवंय, हे त्या चेहऱ्यावरून ओळखत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यातून उचलायचं आणि पुरं करून त्याच्या हातात द्यायचं, या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रांग भराभर पुढे सरके आणि लोक जाताना दुवा देत.

घरीही तीच तऱ्हा. यजमान घड्याळं दुरुस्त करत, म्हणून ते सगळ्यांचे घड्याळजी. खिडकीजवळच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून त्यांचा दिवस जाई. माणूस अबोल नव्हता, पण बोलणं फार सावकाश. "मला ना असं वाटतंय की…" म्हणून ते श्वास घेत, तेवढ्यात बाई म्हणत, "चहा. ठेवते." समोर आलेला चहा कुणी परत पाठवत नाही. तेही पिऊन टाकत.

शनिवारी दुपारी बाई वाचनालयाच्या माडीवर वर्ग घेत. कामधंद्यासाठी दुसऱ्या मुलखांतून आलेली माणसं तिथं इथली भाषा शिकायला येत. एक गवंडी, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई, दवाखान्यातला एक झाडूवाला, अशी दहा-बारा जणं. बाईंना कुणी शिकवायला सांगितलं नव्हतं आणि कसं शिकवायचं हेही सांगितलं नव्हतं. मायेच्या जोरावर नऊ वर्षं वर्ग चालला. मग एक दिवस ग्रंथपाल म्हणाले, "बाई, आता वर्ग रोजचा होणार. पण शिकवणाऱ्याकडे त्यातलीच मोठी पदवी पाहिजे. परकी भाषा कशी शिकवायची, त्याची."

"वर्ग माझा, माणसं माझी, आणि मीच बाहेर?" बाई म्हणाल्या. त्यांनी पोस्टातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बावन्नाव्या वर्षी विद्यापीठाच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी विशी-पंचविशीतली पोरं. ती त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्या वह्या उतरवून घेत.

दोन वर्षांचा अभ्यास. परका आवाज कानाला आधी का ऐकू येत नाही, चूक कधी दुरुस्त करायची आणि कधी सोडून द्यायची, हे सगळं त्यांनी घोटून घोटून केलं. लेखी परीक्षांत त्या पहिल्या आल्या. अडल्या त्या पाठावर.

पाठ म्हणजे खऱ्या वर्गावर शिकवून दाखवायचं. मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम बसणार आणि टेबलावर ध्वनिमुद्रण चालू. नंतर ते आपणच ऐकायचं, आणि कोण किती मिनिटं बोललं ते पेन्सिलीनं मांडून मॅडमना दाखवायचं. बाईंनी आपल्याच शनिवारच्या वर्गावर पाठ घेतला. माणसं हसली, खुलली, बाईही खूश झाल्या. मग त्यांनी पेन्सिल घेऊन ऐकलं.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"पंचेचाळीसपैकी अडतीस."

"एवढा वेळ तुम्ही बोललात?"

"हो, मीच."

"मग शिकणारे कधी बोलले?"

"ते… माझा प्रश्न संपल्यावर आणि माझं उत्तर सुरू व्हायच्या आधी."

मॅडमना हसू आवरलं नाही, पण त्यांनी नापासच केलं. सहा आठवड्यांनी आणखी एक पाठ, तो शेवटचा. तो गेला की पदवी गेली, आणि माडीवरचा वर्ग दुसऱ्याच्या हाती.

बाई घरी आल्या त्या धुसफुसतच. "अहो, ऐकताय का? नापास केलं मला. फार बोलते म्हणून."

"मला गेली अठ्ठावीस…"

"वर्षं माहीत आहे, असंच ना?"

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

त्याच महिन्यात विद्यापीठात परक्या भाषेचा आठवडा आला. शिकवायला निघालेल्या माणसानं पाच दिवस नवशिका होऊन बसायचं, अशी तिथली रीत. दूरच्या डोंगरमुलखातली एक बाई शिकवायला आली. तिची भाषा वर्गात कुणाच्या कानावरूनही गेलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं एकेकाला विचारायला घेतलं, तुमच्या घरी काय आहे? पोस्टबाई आदल्या दिवशी बसमध्ये उभ्या उभ्या तयारी करून आल्या होत्या. 'माझ्या घरी पुष्कळ घड्याळं आहेत' एवढं त्यांना म्हणायचं होतं. पाळी आली. 'माझ्या घरी' निघालं. 'पुष्कळ' अडलं. पण ते येत होतं, घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात शेजारची पोरगी, मनानं अगदी सरळ, पटकन बोलली, "दार! काकूंच्या घरी दार आहे." डोंगरातल्या बाईनं छान छान म्हणून मान डोलावली आणि प्रश्न पुढच्याकडे गेला.

हातातोंडाशी आलेला घास कुणी उचलून न्यावा, तसं बाईंना झालं.

मधल्या सुट्टीत त्या पोरीला म्हणाल्या, "अगं, मला दार नव्हतं म्हणायचं."

"मग काय म्हणायचं होतं, काकू?"

"आता नाही सांगत जा."

आणि जिन्यात एकट्या बसल्यावर त्यांना तीन नंबरची खिडकी आठवली. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला यायचे, "मला जरा…" म्हणायचे. बाई त्यांच्यापुढे एक पाकीट सरकवायच्या आणि ते मुकाट घेऊन जायचे. त्यांना काय विचारायचं होतं? त्यांच्या घरी पाकिटांची थप्पी लागली असेल. बाई थोडं हसल्या आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत.

घरी जाऊन त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "अहो, मला गप्प बसायला शिकवा."

घड्याळजींनी मान वर केली. "दुरुस्त केलेलं घड्याळ टेबलावर ठेवायचं," ते हळूहळू म्हणाले, "आणि हात मागे घ्यायचा. हलवून चालू केलेलं घड्याळ… गिऱ्हाइकाच्या मनगटावर जाऊन बंद पडतं." त्यांनी खणातून लाल सेकंदकाट्याचं एक जुनं घड्याळ काढून बाईंच्या मनगटावर बांधलं. "पाव फेरा. तो होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

बाईंनी एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून पुरी ऐकली होती, ती बहुतेक पहिल्यांदाच.

शेवटच्या पाठाचा दिवस आला. मॅडम मागच्या बाकावर बसल्या. विषय होता, आपण आपल्या हातांनी केलेली एखादी गोष्ट. बाईंनी गवंड्याला विचारलं, "तुम्ही काय बांधलंत? लक्षात राहिलेलं एक सांगा."

गवंडी उभा राहिला. "मी बांधलं…" आणि थांबला.

बाईंच्या जिभेवर भिंत आली, घर आलं, पूल आला. त्यांनी हाताची घडी घातली. लाल काटा चालू लागला. मागे मॅडमची पेन्सिल थांबलेली होती. इस्त्रीवाली खाली बघत होती. पाव फेरा झाला. गवंड्याचे ओठ हलत होते. बाईंनी ओठ मिटले आणि काट्याला आणखी पाव फेरा दिला.

"बांधलं नाही," गवंडी म्हणाला. "एक वीट. उंच भिंत, वर, मी एक वीट ठेवली नाही. भोक. चिमणी आत जाते."

मग इस्त्रीवालीनं आपणहून विचारलं, "मालक? मालक ओरडला?"

"मालक वर बघत नाही," गवंडी म्हणाला.

हशा पिकला. झाडूवाल्याला विचारायचं होतं, भिंत कुठली. कुणाला विचारायचं होतं, पिल्लं झाली का. प्रश्न अडखळत, धडपडत या बाकावरून त्या बाकावर जाऊ लागले. इतके दिवस बाई त्या माणसाच्या तोंडात 'भिंत' घालत आल्या होत्या. त्या बाजूला सरकून फळ्याला टेकल्या.

ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी आकडा मांडला. पंचेचाळीसपैकी चौदा. मॅडमनी कागद पाहिला, खाली 'उत्तीर्ण' लिहिलं आणि म्हणाल्या, "अवघड गेलं?"

बाई उत्तर द्यायच्या आधी जरा थांबल्या. "पोस्टापेक्षा अवघड," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी सांगून झालं, कौतुक झालं. मग घड्याळजी म्हणाले, "मला ना असं वाटतंय की…" आणि सवयीनं थांबले. बाई गप्प. घड्याळजींनी वर पाहिलं.

"अगं, बोल ना."

"वाक्य तुमचं आहे."

ते गोंधळले. भिंग काढलं, हातात फिरवलं. वाक्यात इतक्या लांब ते कधी आलेच नव्हते. लाल काट्यानं पाव फेरा केला, अर्धा केला.

"हे टेबल," ते शेवटी म्हणाले, "अर्धं तू घे. आता वर्ग रोजचा. तुला वह्या तपासायला… खिडकीचा उजेड लागेल."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मग आत गेल्या, पण दारातून परतल्या.

"आणि चहा? हवाय का नकोय?"

घड्याळजी विचार करू लागले. बाई दारातच उभ्या राहिल्या.