सहा वाजता दार वाजवणारी नीलिमा

आमच्या नीलिमाची एक सवय अजून कुठल्याही देशाला मोडता आलेली नाही. कुणाशी काम असलं, की ही उठते आणि सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहते. पुण्यात ते खपतं. इथे नेदरलँड्समध्ये सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी लोक आधी डायरी उघडतात.

नवऱ्याच्या, चंद्रहासच्या नोकरीपायी ती २०११ साली इथल्या बेस्ट नावाच्या गावी आली. शिकलेली पर्यावरणाची इंजिनिअर, पण तीन वर्षं घरीच होती. पोळ्या लाटता लाटता डच शिकली. मग मास नदीकाठच्या एका छोट्या खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तिला वर्षाच्या करारावर नोकरी मिळाली. त्या दिवशी आम्ही मैत्रिणींनी इतका गलका केला, की शेजारी खिडकीत आले.

गावाबाहेर नदीकाठच्या जमिनीतून रेव काढतात. ती खाण वाढणार होती. धूळ, आवाज, जमिनीखालचं पाणी, पुढे त्या खड्ड्यांचं काय करायचं, या सगळ्याचा आराखडा खेमेंतेत चालू होता आणि गावकऱ्यांचं म्हणणं गोळा करायचं काम नीलिमाकडे होतं. सभेला मोजकी डोकी यायची. म्हणून बाईसाहेब ऑफिस सुटल्यावर घरोघर निघाल्या. सहा वाजता, का तर सगळे घरी सापडतात!

सहा वाजता डच माणूस जेवतो. त्या वेळी दार वाजवायचं म्हणजे भर पंगतीत चपला घालून शिरायचं. रीट नावाच्या आजीबाईंनी खेमेंतेत फोन करून तक्रार केली. साहेबांनी नीलिमाला बोलावून सांगितलं, "पुन्हा तक्रार आली, तर तुझा करार वाढवणं माझ्या हातात राहणार नाही."

संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज रडवेला. "मला ही नोकरी हवीय गं. पुन्हा डिपेंडंट म्हणून घरी नाही बसायचं मला!"

"मग जाऊन सॉरी म्हण त्यांना," मी म्हटलं.

गेली ना. दुसऱ्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर. पुन्हा सहा वाजता! मी ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला.

रीटबाईंनी हातात नॅपकिन घेऊनच दार उघडलं. "परत? आम्ही जेवतोय!"

"माफी मागायला आलेय," नीलिमा म्हणाली. तेवढ्यात खाणीकडे परतणारे रिकामे ट्रक समोरच्या गतिरोधकावरून धडाधड आपटत निघाले. एकामागून एक. आत टेबलावरच्या सुपाच्या वाट्या थरथरल्या, टेबलक्लॉथवर डाग पडला. बाईंचे यजमान तोन शांतपणे पाण्याचा जग घट्ट धरून बसले होते.

"हे रोज होतं?"

"रोज. याच वेळी."

"पण आवाजाच्या मोजणीत तर काहीच आलं नाही!"

"मोजणारा दुपारी आला होता," रीटबाई म्हणाल्या. "सभ्य माणूस. जेवणाच्या वेळी आमच्याकडे कोणी येत नाही."

नीलिमाला हसू आवरेना. क्षणभराने बाईही हसल्या आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाल्या.

"परत सहालाच गेलीस?" साहेब आधी वैतागले. मग पूर्ण ऐकून त्यांनी मोजणीवाल्यांना फोन लावला. आवाजाची मोजणी पुन्हा झाली, या वेळी सहाच्या सुमारास, आणि आकडे मर्यादेच्या बरेच वर गेले. आराखड्यात ट्रकांचा रस्ता घरांपासून दूर, शेतांमागून वळवला गेला. कौन्सिलने तो मंजूर केला. नीलिमाचा करारही वाढला. मला तर वाटतं, साहेबांनी तिला सहाची ड्यूटीच लावून द्यायला हवी होती.

नवा रस्ता सुरू झाल्यावर रीटबाईंनी तिला जेवायला बोलावलं, अर्थात डायरी बघून, तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी. नीलिमा कोथिंबीर वड्यांचा डबा घेऊन गेली. बाईंनी सूप अगदी काठोकाठ वाढलं. सहा वाजले, सव्वासहा झाले. बाहेर फक्त एक सायकल गेली.

तोनआजोबा मात्र सवयीने पाण्याचा जग धरूनच बसले होते. बाईंनी त्यांचा हात हळूच सोडवला.

"सोड आता, तोन," त्या म्हणाल्या. "जेव."