‘बोलू शकत नाही’ अशी नोंद

इतर प्रकरणांबद्दल मी मित्रमंडळीत पुष्कळ बोललो आहे. या एकाबद्दल घरातही बोललो नाही. पण मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून सकाळी वर्तमानपत्र उघडलं की मजकुराआधी हेच प्रकरण डोळ्यांसमोर येतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझं वागणं मात्र जसं होतं तसं लिहितो.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मी तेव्हा घाटाजवळच्या ठाण्यात दरोगा, म्हणजे उपनिरीक्षक होतो. कार्तिकातल्या एका सकाळी एक नावाडी एका म्हाताऱ्याला हाताला धरून ठाण्यात घेऊन आला. दोन दिवस पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून होता म्हणे.

“दरोगाजी, ई बाबा तो आप ही के देस के लगते हैं. दो दिन से हमसे लड़ रहे हैं, पता नहीं किस बात पर.”

ठाण्याची डायरी लिहिणारा आमचा मुंशी हसला. “साहब के मेहमान आए हैं, चाय मँगवाइए.”

मी मराठीत विचारलं, “काका, कुठले तुम्ही?” म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मुंशीचं हसू थांबलं. विसर पडलेला होता, वाक्यं मध्येच तुटत होती. पण त्यांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. बायको स्टेशनवर पाणी भरायला गेली ती परत आली नाही, हेही सांगितलं. मला सगळं समजलं.

इथवर माझं चुकलं नव्हतं.

त्या आठवड्यात घाटांवर मोठा बंदोबस्त होता आणि आम्ही माणसं कमी. नाव-गाव कळलेला माणूस सापडला की त्याच्या मुलखातल्या ठाण्याला संदेश धाडायचा, रेल्वे पोलिसांकडे चौकशी करायची, उत्तर येईपर्यंत त्याला सांभाळायचं. अज्ञात माणसाला मात्र एका ओळीत आश्रमात पाठवता येतं. मुंशीने नेहमीची ओळ लिहिली: ‘अज्ञात वृद्ध, मानसिक रूप से अस्वस्थ, बोलने में असमर्थ.’ लिहून माझ्याकडे बघितलं. मी सही केली. तीच ओळ संगणकावर चढली. बंदोबस्त उरकला की दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं होतं. त्याआधीच बदलीचा हुकूम आला. गावाचं नाव माझ्या डोक्यात होतं, आणि डोकं माझ्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं.

सहा वर्षांनी मी काशीत परत आलो, हरवलेल्या माणसांच्या शोधकक्षाचा प्रमुख म्हणून. एके दिवशी दशाश्वमेधजवळच्या एका तीर्थोपाध्यायांचा फोन आला. महाराष्ट्रातले यात्रेकरू त्यांच्याकडे उतरतात आणि त्यांच्या वंशावळीच्या वहीत नाव लिहून सही करतात.

“दरोगासाहेब, एक बाई दर कार्तिकात येते. विधी काही करत नाही. वही उघडायला लावते आणि नवऱ्याची नवी सही आली का ते बघते. ‘काशीत असले तर इथे येतीलच, बापाची सही बघायला,’ म्हणते. आता सहा वर्षं झाली. तुम्ही एकदा येऊन बघा ना.”

मी गेलो. गुरुजींनी कपाटातून त्या बाईच्या गावाची वही काढली आणि पाच मिनिटांत ते घराणं माझ्यापुढे ठेवलं. वर म्हणाले, “तुमच्या कम्प्युटरला गाव सांगितलं तर तो तारीख मागतो. आमची वही आधी गाव विचारते. माणसाला आपलं गाव तारखेपेक्षा जास्त दिवस आठवतं हो.”

पानावरचं गावाचं नाव वाचलं. ठाण्यात त्या म्हाताऱ्याने मला सांगितलेलं तेच. बाई समोरच बसली होती. “काही कळेल का साहेब?” तिने विचारलं. “बघतो,” म्हणालो.

शोधकक्षात एक तरुण महिला शिपाई होती, संगणकात हुशार. तिने बाईने रेल्वे पोलिसांत दिलेली तक्रार, माझ्या जुन्या ठाण्याची नोंद आणि आश्रमांनी पाठवलेले फोटो एका पडद्यावर शेजारी शेजारी लावले. असं आधी कुणी केलंच नव्हतं. तक्रारीतला फोटो आणि आश्रमातला फोटो एकाच माणसाचा होता. “सर, रिपोर्ट में लिखा है सिर्फ़ मराठी बोलते हैं, और थाने ने लिखा है बोल ही नहीं सकते. मिलान होता कैसे?” मग ती पडद्याजवळ वाकली. “दस्तख़त किसके हैं, पढ़े नहीं जा रहे.”

मी म्हटलं, “छोड़ो. आश्रम का पता निकालो.”

आश्रमाच्या व्यवस्थापकाला मी कडक आवाजात प्रश्न विचारले. जेवण काय देत होता, डॉक्टर कधी आला, ठाण्याला परत का कळवलं नाही. स्वतःचा अपराध झाकायचा असला की आवाज आपोआप चढतो, हे मी असंख्य आरोपींत पाहिलं होतं. तो शांतपणे म्हणाला, “साहब, बाबा पिछले जाड़े में गुज़र गए. मणिकर्णिका पर हमने ही किया सब. और बोल नहीं सकते, ये किसने लिखा? दिन भर बोलते थे. समझता कौन?”

तिथल्या स्वयंपाकिणीने मला दारात थांबवलं. “दरवाज़ा खुलता था तो हमेशा एक ही बात पूछते थे, ‘आली का?’ हम कह देते थे, हाँ बाबा, हाँ. इसका मतलब क्या होता है?”

मी तिला अर्थ सांगितला. ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

बाईला मी गुरुजींच्या ओसरीवर सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “इतक्या वर्षांत त्यांच्याशी मराठीत कुणी बोललं का हो?”

“हो. एक पोलीस बोलला होता. पहिल्याच दिवशी.”

“मला भेटवाल त्यांना? पाया पडेन म्हणते.”

“त्यांची बदली झाली,” मी म्हणालो.

त्यानंतर मी खटपट करून आमच्या नोंदीच्या नमुन्यात दोन रकाने घालून घेतले: कोणती भाषा बोलतो, आणि स्वतःबद्दल काय सांगतो. बदली होणाऱ्याने डोक्यातलं सगळं लिहून देऊनच जायचं, असा नियम माझ्या कक्षात केला. रेल्वेची आणि ठाण्यांची यादी रोज आपोआप ताडली जाऊ लागली, आणि त्यातून माणसं घरी गेली. लोक माझं कौतुक करत. मला एवढंच कळलं होतं, की यंत्र सगळं जोडून देतं, पण आपण सोयीसाठी जे खोटं भरतो तेही तितक्याच इमानाने सांभाळतं.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्या बाईंच्या पुतण्याला पाठवला आणि त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. शिव्या खाण्याची तयारी होती. परवा त्याचा फोन आला.

“काकूंनी सगळं ऐकलं. पाया पडायचं वगैरे काही बोलल्या नाहीत. तुमच्यावर रागावल्यात का, तेही मला कळलं नाही. फक्त म्हणाल्या, त्या दिवशी ठाण्यात त्यांनी काही खाल्लं होतं का, ते त्या साहेबांना आठवतं का विचार.”

मला आठवतं. मी कचोरी मागवली होती. तिखट लागली म्हणून त्यांनी अर्धीच खाल्ली आणि उरलेली कागदात नीट गुंडाळून खिशात ठेवली. कुणासाठी, ते मी तेव्हा विचारलं नाही. काल पत्रात हे सगळं तिला लिहून पाठवलं.